काळ्या तोंडाची मेंढरं

म्हस्कूआबांना रस्ता विचारायचा तर हातात निदान अर्धा तास मोकळा हवा. वडगाव रासाईच्या फाट्यावर एखादा मोटारवाला काच खाली करून "दौंडला कसं जायचं?" म्हणाला, की आबा आधी तो कुठून आला ते विचारतात, मग कुणाचा कोण ते विचारतात, आणि मग नदी, पूल, लिंबाचं झाड, त्या झाडाखाली पूर्वी कोण बसायचं, हे सगळं सांगून त्याला मार्गाला लावतात. तोवर मोबाईलमधली बाई चारदा "उजवीकडे वळा" म्हणून दमलेली असते. बानूबाई, म्हणजे आबांची बायको, ओट्यावरून ओरडते, "सोडा की त्येला! त्येचं पेट्रोल जळतंय." पण रस्ता अर्धवट सांगून माणूस सोडायचा, हे आबांना जमतच नाही.

त्याला कारण आहे. आबांचं मूळ गाव कवठे येमाई, आणि अर्धं आयुष्य गेलं ते मेंढरांमागं. दिवाळी झाली की घोड्यांवर बिऱ्हाड लादून, दीडशे मेंढरं हाकत कोकणची वाट धरायची आणि पाऊसकाळाच्या आत परत फिरायचं. माणसं, घोडी, कुत्री, मेंढरं मिळून जिथं तळ पडेल त्याला धनगर वाडा म्हणतात. आज या ओढ्याला, परवा पाच कोसांवर. ना पत्ता, ना फोन. म्हणून एक रीत होती. तळ हलवताना गावातल्या शेवटच्या घरी पुढचा मुक्काम सांगून जायचं. आणि वाटेत कुणीही विचारलं, फलाण्याचा वाडा कुठं हाय, तर ठाऊक असेल तेवढं खरं खरं सांगायचं. विचारणारा कोण, कशाला विचारतो, हे नंतर. ठावठिकाणा लपवणारा माणूस चोरीच्या मेंढरांचा असणार, असा सरळ समज होता.

आबांची आई गेली तेव्हा त्यांचा वाडा मुरबाडच्या पुढं कुठंतरी होता. निरोप घेऊन निघालेला चुलतभाऊ सात गावं विचारत विचारत तिसऱ्या दिवशी त्यांच्या तळावर येऊन उभा राहिला. आईची माती काही मिळाली नाही, पण आबा दहाव्याला पोहोचले. त्या सातांपैकी एकानं जरी कानांवर हात ठेवले असते, तर तेही चुकलं असतं. आबा ही गोष्ट अजून सांगतात, आणि दर वेळी त्या सातही गावांची नावं घेतात.

अशा माणसाच्या पोटी धनश्री जन्मली. तिचा जन्मही वाटेवरचाच, माळशेजच्या पायथ्याला. घोडीच्या पाठीवर, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी बसून ती मोजायला शिकली. मेंढरं मोजलेली आबांना आवडत नसत, नजर लागते म्हणून. तेव्हा ती मैलाचे दगड मोजायची, तांबे मोजायची, आईच्या भाकरी मोजायची.

आठ वर्षांची असेल. दौंडकडच्या एका गावात एका बागायतदाराच्या रानात चार रात्री मेंढरं बसवली होती. लेंडीखताच्या बदल्यात आठ पायल्या ज्वारी ठरलेली. मालकाचा गडी पायलीनं ज्वारी मापत होता, आबा धोतराच्या सोग्यानं घाम पुसत बघत होते, आणि या कार्टीनं काय करावं? मालकाची तसलीच दुसरी पायली ओट्यावर पालथी होती ती उचलली, रांजणापाशी नेली आणि घरच्या पितळी तांब्यानं तिच्यात पाणी ओतायला लागली. मग सगळ्यांदेखत म्हणाली, "आमच्या पायलीत अकरा तांबं मावत्यात. हिच्यात धाच."

दोन्ही पायल्यांना आतून दुहेरी बूड होतं. चार गडी हसले आणि मालकाचं तोंड उतरलं. आबांना पुढल्या सालीही याच रानात यायचं होतं. त्यांनी पोरीच्या पाठीत एक धपाटा घातला, "मालक, पोर हाय, मनावर घिऊ नगा," म्हणाले, आणि त्याच पायलीनं ज्वारी घेऊन निघाले.

पोर रडली नाही. संध्याकाळी तळावर तीन दगडांची चूल पेटली तेव्हा तिनं विचारलं, "आबा, म्या चुकीचं मोजलं का?"

"न्हाई."

"मग?"

 आबा घोंगडं झाडायच्या निमित्तानं उठून गेले. तीस वर्षं झाली, पण तो एक शब्द अजून त्यांच्या मागं मागं चालतो.

पुढं मेंढरं विकली. बानूबाईच्या माहेरी, वडगाव रासाईला, भीमेच्या काठची तीन एकर जमीन घेतली आणि वाडा कायमचा थांबला. मुलगा रविराज रांजणगावच्या एमआयडीसीत लागला. धनश्री शिरूरला कॉलेज शिकली, परीक्षा दिल्या, आणि झाली काय, तर वजनं-मापं तपासणारी निरीक्षक! ऑर्डर घेऊन आली त्या दिवशी बानूबाई पदरात तोंड लपवून हसत होती. आबांनी मात्र बसायला पाट दिला, आणि चहा झाल्यावर ते म्हणाले, "आता बरं हाय. आता सरकार तुज्या पाठीशी हाय."

सरकार होतं पाठीशी, पण पाठ तिची होती. दौंड भागातल्या एका खाजगी साखर कारखान्याच्या काट्यावर ऊस कमी भरतो अशी बोंब वर्षानुवर्षं होती. तपासणी आली की काटा शहाण्यासारखा वागायचा, तपासणी गेली की पुन्हा मापात पाप. धनश्रीनं उसाची एक ट्रॉली आधी दुसऱ्या काट्यावर तोलून घेतली, डोक्याला फडकं बांधलं आणि ऊसतोड बायकांबरोबर त्याच ट्रॉलीवर बसून कारखान्यात शिरली. काटा दोन टन खाऊन मोकळा झाला तेव्हा ती उसावरून खाली उतरली आणि ओळखपत्र पुढं केलं. काट्याच्या खोलीतल्या टेबलाच्या आतल्या अंगाला वजनाचा आकडा कमी करणारं एक छोटं बटण सापडलं. तिनं काट्याला सील ठोकलं. बारा दिवस काटा बंद राहिला, लोकांचा तोडलेला ऊस ट्रॉल्यांवर वाळला, आणि ज्यांच्यासाठी केलं त्यातलेच चार जण तिला शिव्या घालू लागले. हे जगाचं नेहमीचंच आहे, पण बापाच्या कानावर शिवी पडते तेव्हा नेहमीचं वाटत नाही.

मग पाटसच्या रस्त्यावर एका जीपनं तिची स्कूटी नाल्यात ढकलली. कोपर मोडलं. महिन्याभरानं भर दुपारी तिच्या दौंडच्या खोलीला बाहेरून कुणी कडी घातली आणि दाराखालून चिठ्ठी सरकवली, "पुढच्या वेळी कुलूप लावू." पोलिसांत अर्ज गेला. खटला उभा राहिला होता आणि मुख्य साक्ष तिचीच होती.

त्या सुमाराला तिच्या एका जुन्या प्राध्यापिकेनं तिला परदेशातल्या एका विद्यापीठाबद्दल कळवलं. भ्रष्टाचाराशी भिडल्यामुळं ज्यांच्या जिवावर बेतलंय, अशा माणसांना ते विद्यापीठ वर्षभराची फेलोशिप देत होतं. राहायला जागा, बसायला टेबल, वाचायला ग्रंथालय, पोरांना शिकवायची संधी, आणि मुख्य म्हणजे शांत झोप. अर्जात एक प्रश्न होता, तुम्हाला कुणापासून धोका आहे, आणि उत्तराला दोन पानं मोकळी. ती पानं धनश्रीनं वडगावच्या ओट्यावर बसून भरली. आबा शेजारी शेंगा फोडत होते.

"आबा, लांडगा हिंडायला लागला की तुमी तळ हलवायचात ना? तसंच हाय हे."

"तळ हलवायचो. पर परत यायचो."

"मी बी येणार की."

आबा शेंगा फोडत राहिले. ज्या टरफलांत दाणा नव्हता तीसुद्धा दाण्यांच्या सुपात पडत होती.

ऑगस्टात ती गेली. जाताना एकच गोष्ट तिनं पुन्हा पुन्हा बजावली, की देश, गाव, विद्यापीठ, काही कुणाला सांगायचं नाही. आबांना तर देशाचं नावही नीट घेता येत नव्हतं, त्यामुळं ते बिनधास्त "न्हाई सांगणार" म्हणाले. मुलीनं विश्वास ठेवला. आबांनीही स्वतःवर ठेवला.

रविवारी दुपारी जेवणं उरकली की रविराजच्या मोबाईलवर व्हिडिओ कॉल यायचा. तिकडं तेव्हा नुकतं उजाडलेलं असायचं. ती फोन खिडकीशी न्यायची. बाहेर नदी, नदीवर सात कमानींचा दगडी पूल, पलीकडं टेकाडावर घड्याळाचा मनोरा. आबा बघायचे, "बरं हाय, बरं हाय," म्हणायचे, आणि त्यांचं लक्ष सगळं दारातल्या शेळीकडं. पण एका रविवारी ती पुलावरून चालत पलीकडच्या कुरणात गेली आणि फोन पुढं धरला. आबा ताडकन उठून बसले.

मेंढरं! अंगानं गादीसारखी फुगलेली, बिनशिंगाची, आणि तोंडं काळीभोर, जणू काजळीत घालून काढलेली.

"अगं, जवळ धर! कान दाव. राखायला कुणी न्हाई? कुत्रं बी न्हाई? चारतंय कोण?" आबांनी त्या दिवशी तासभर फोन सोडला नाही. बानूबाईला लेकीशी चार शब्दही बोलता आले नाहीत. मेंढरं विकल्यापासून इतका आनंद त्यांच्या तोंडावर कुणी पाहिला नव्हता. दीडशे मेंढरांत प्रत्येकीचं तोंड ओळखणारा हा माणूस पुढच्या तीन-चार रविवारी त्या परदेशी मेंढरांनाही नावं देऊ लागला. एक 'चिमी', एक 'कोशी', एक लंगडी होती ती 'पाटलीण'.

आणि मग नोव्हेंबरात आबा तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजाराला गेले. मेथी, वांगी घेतली, शेळीला दावं घेतलं. जीपची वाट बघत चहाच्या गाड्याशी उभे होते, तर शेजारी एक चाळिशीचा माणूस. टोपी, गॉगल, गोड बोलणं. "रामराम आबा. कवठ्याचे ना तुमी? आमचे चुलते तुमच्या संगं मेंढरं घिऊन जायचे कोकणात." त्यानं चहा सांगितला. कोकणच्या वाटेचा विषय काढला. घोड्या, घाट, लांडगे. आबा पंचवीस वर्षं मागं गेले. आणि मग त्यानं अगदी सहज, चहाचा कप खाली ठेवता ठेवता विचारलं:

"आन् ताईंचा वाडा कुठं पडलाय सध्या?"

त्यानं 'पत्ता' विचारला असता तर आबा सावध झाले असते. 'देश' विचारला असता तर ओठ मिटले असते. पण वाडा विचारला, आणि जन्मभराची सवय बोलायला लागली. आबांनी देशाचं नाव घेतलं नाही. ते तर त्यांना येतच नव्हतं. त्यांनी वाट सांगितली, जशी मेंढक्यानं मेंढक्याला सांगावी. नदी हाय. सात कमानींचा दगडी पूल. पल्याड टेकाडावर घड्याळाचा मनोरा. आपली जेवणं झाली की तिथं उजाडतं. आणि कुरणात मेंढरं, बिनशिंगाची, काळ्या तोंडाची. सांगताना आबांचा चेहरा फुलला होता.

त्या माणसानं चहाचे पैसे दिले आणि पाया पडून गेला.

पाचव्या दिवशी, रविवार नसताना, फोन आला. धनश्रीचा आवाज सपाट होता. तिला कुणीतरी मेल पाठवला होता. त्यात त्या पुलाचा फोटो होता आणि खाली एक ओळ: काळ्या तोंडाची मेंढरं बरी हायत ना?

"आबा, कुणाला सांगितलंत?"

रविराज हातानं खुणा करत होता, नाही म्हणा. बानूबाईनं कपाळाला हात लावला.  एक 'न्हाई' म्हटलं असतं तर पोरीनं मानलंही असतं. पण जिचं आयुष्य मापं तपासण्यात गेलं, तिच्यापुढं कमी मापून द्यायचं कसं?

"म्या सांगितलं," आबा म्हणाले. "तळेगावच्या बाजारात. वाडा इचारला त्येनं."

 धनश्री रागावलीही नाही. तीच गोष्ट आबांना जास्त लागली. ती म्हणाली, "विद्यापीठाची माणसं मला इथनं दुसरीकडं हलवणार हायेत. आता तुमाला बी सांगता यायचं न्हाई, आबा. व्हिडिओ बी न्हाई. नुसता आवाज."

फोन बंद झाला. आबा त्या दिवशी जेवले नाहीत. पाटलीण, चिमी, कोशी, पूल, मनोरा, सगळं एका चहाच्या कपात बुडालं होतं. आणि मोठं दुखणं वेगळंच होतं. लेकीचा वाडा कुठं पडलाय हे बापाला ठाऊक नाही, असं त्यांच्या घराण्यात कधी झालं नव्हतं. उद्या आपलं काही झालं तर निरोप घेऊन जाणाऱ्यानं विचारायचं कुणाला?

धनश्रीनं तिकडून तक्रार पाठवली, आणि शिरूरच्या पोलीस ठाण्यातून आबांना बोलावणं आलं. विचारणारा माणूस ओळखता येईल का?

त्याच संध्याकाळी गावचे हौसराव घरी आले. मोठे बागायतदार, सोसायटीत वजन, आबांशी बोलणं नेहमी आदराचं. खाटेवर बसून म्हणाले, "म्हस्कूआबा, गर्दी व्हती म्हना, ध्यानात न्हाई म्हना. म्हातारपणी कशाला कोर्टकचेरी? पोर तिकडं सुखात हाय. तुमचा ऊस त्याच काट्यावर जातो. आपल्याला हितंच ऱ्हायाचं हाय."

हौसराव वाईट माणूस नव्हता. तो खरंच काळजीनं बोलत होता. पण ते शेवटचं वाक्य आबांनी ऐकलं आणि त्यांना समोर पालथी पायली दिसली. अगदी हेच वाक्य मनात म्हणत त्यांनी आठ वर्षांच्या पोरीच्या पाठीत धपाटा घातला होता.

रविराजलाही भीती होती. "आबा, वय झालंय, आठवत न्हाई म्हनलं तर कोण काय करनार हाय?"

तेव्हा बानूबाई चुलीपासून उठली. "दीडशे मेंढरं तोंडावरनं वळखायची, आन् माणूस वळखायचा न्हाई व्हय? तुमी नसाल जात तर म्या जाते. मला सांगा कसा दिसत व्हता."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं आबा शिरूरला गेले. सुरेखा नावाच्या हवालदार बाईंनी मोबाईलवर फोटो दाखवायला सुरुवात केली. कारखान्याच्या मालकाच्या वाढदिवसाचे, लग्नांचे, फ्लेक्सवरचे. सगळे टोपी-गॉगलवाले, सगळे एकाच साच्यातले.

"आबा, तोंड नीट दिसत नाहीये कुणाचं," बाई म्हणाल्या.

"तोंड ऱ्हाऊ द्या, बाई. कान दावा."

मेंढराची खूण कानावर करतात. कुणाचं मेंढरू कुणाचं, हे कानाच्या कापावरून ठरतं. आबांची नजर चहाच्या गाड्याशीही आपसूक कानावरच गेली होती. डाव्या कानाची पाळी मधोमध फाटलेली, आणि वाकडी भरून आलेली. बाविसाव्या फोटोवर त्यांनी बोट ठेवलं. तो मालकाचा ड्रायव्हर होता, जालिंदर.

"नक्की?" बाईंनी विचारलं. "खाली सही करावी लागेल. उद्या कोर्टात उभं राहावं लागेल."

 आबांनी सही केली. म्ह, मग स्कू, ओबडधोबड. ही सही त्यांना धनश्रीनंच शिकवली होती, वाड्यावर, चुलीच्या उजेडात, पाटीवर.

जालिंदरला आत घेतलं. त्यानं मालकाचं नाव सांगितलं आणि ते कागदावर आलं. पुढं कोर्टात काय होईल ते कोर्टाला ठाऊक. गावात जे व्हायचं ते लगेच झालं. कारखान्याची ऊसतोडीची टोळी आबांचं रान सोडून शेजारच्या रानात गेली, मग त्याच्या शेजारच्या. फेब्रुवारी उजाडला, उसाला तुरे आले, तरी कोयता लागला नाही. फाट्यावर चार माणसं आबांना बघून गप्प व्हायला लागली. आबा मात्र रोज तिथं जाऊन बसत. रस्ता विचारणाऱ्याला रस्ता सांगत. अजूनही अर्धा तास.

आणि एका रविवारी दुपारी फोन वाजला. नुसता आवाज. नंबरही दिसत नव्हता.

"आबा, जबाब दिलात म्हणं."

"व्हय."

"भ्या न्हाई वाटलं?"

"वाटलं की." आबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.  "धनू, त्या पायलीत धाच तांबं व्हतं. तू बरोबर मोजलं व्हतंस. म्या उगं मारलं तुला."

पलीकडून हुंदका आला की हसू, ते कळलं नाही. बानूबाईनं डोळ्यांना पदर लावला.

"विद्यापीठानं अजून सहा महिने दिलेत," धनश्री नाक ओढत म्हणाली. "साक्षीची तारीख लागली की येईन मी, आबा. पडद्यावरनं नगं. सोता यीन."

"ये."

 आबांना विचारायचं पुष्कळ होतं. खिडकी कुठल्या दिशेला, पाणी कुठलं, थंडी किती. तेवढ्यात तिचा आवाज एकदम आठ वर्षांच्या पोरीसारखा झाला, "आबा, आन् सांगू का? हितं बी खिडकीतनं मेंढरं..."

"गप!" आबा खेकसले. फोन त्यांनी दोन्ही हातांनी कानाशी घट्ट धरला होता. "मेंढरांचं बी सांगू नगंस. आल्यावर सांग."